पाचवी-सहावीच्या पोरांसाठी दोस्तीची गोष्ट कशी लिहायची

मुलांसाठी मैत्रीवर गोष्ट लिहायची म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट लिहितात. वर्गात नवीन मुलगा येतो, सगळे त्याला चिडवतात, मग तो काहीतरी भारी करून दाखवतो, म्हणजे नदीत बुडणाऱ्याला वाचवतो नाहीतर शेवटच्या बॉलला सिक्स मारतो, आणि सगळे त्याचे दोस्त होतात आणि बाई शेवटी दोन शब्द बोलतात. मुलांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते की पहिल्या पानावरच त्यांना शेवट माहीत असतो. वर त्यातून त्यांना कळतं काय, तर सिक्स मारता येत नसेल तर तुम्हाला कोणी विचारणार नाही. ज्या पोराला धीर द्यायला आपण लिहायला बसलो त्यालाच आपण हे सांगून मोकळे होतो.

म्हणून पहिली गोष्ट ठरवायची ती ही की गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची. एकटं पाडलेल्या मुलाच्या तोंडून नको. मधल्याच्या तोंडून सांगा. मधला म्हणजे जो ग्रुपमध्ये कसाबसा शिरलाय, अजून पक्का झालेला नाही, आणि टिकून राहायला जरा जास्तच जोरात हसतो. गल्लीतल्या खेळात कच्चा लिंबू असतो ना, खेळायला घेतात पण आउट झाला तरी मोजत नाहीत, तशातला. वर्गातली निम्मी पोरं मनातून स्वतःला असंच समजत असतात, दिसायला कितीही दादागिरी करोत. आणि मधल्याकडे एक असं असतं जे एकट्या पडलेल्याकडे नसतं, त्याला निवड करता येते. ज्याला सगळ्यांनी बाहेर काढलंय तो बिचारा सोसण्याशिवाय काय करणार, पण मधला हसू शकतो, गप्प बसू शकतो, खोटं बोलू शकतो, उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसू शकतो, आणि गोष्ट तिथे तयार होते.

आता इयत्ता. आपल्याकडे पाचवी ही फार कामाची आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच असतात, मग पाचवीला पोरं जवळच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात. वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक आणि सगळे वर्ग मिळून वीस-पंचवीस पोरं, आणि एकदम जूनमध्ये अ ब क ड तुकड्या, तासाला तासाला बदलणारे सर, हिंदी नावाचा नवा विषय, संडासाला जायचं तरी परवानगी कोणाला विचारायची ते माहीत नाही. शहरातही होतंच, चौथीपर्यंतची तुकडी फोडतात, काही पोरं सेमी-इंग्लिशला जातात, आणि पहिलीपासून शेजारी बसणारा भिंतीपलीकडच्या वर्गात जातो. सहावीला नवोदयला गेलेलं पोर तर घरापासूनच लांब, तिथे बाक सोडा, रात्रीची कॉटसुद्धा कोणाशेजारची हा प्रश्न असतो. यातलं तुम्हाला जे आतून माहीत आहे ते घ्या. पुण्यात वाढलेल्याने आश्रमशाळेची गोष्ट लिहायलाच हवी असं काही नाही.

उदाहरणाला मी एक गोष्ट घेतो आणि तीच पुढे ओढत नेतो. मयूरी आणि सोनाली, एकाच वाडीच्या, चौथीपर्यंत एका बाकावर. पाचवीला तालुक्याच्या हायस्कूलला. दोघी एसटीने येतात. आणि शाळेच्या गावातच राहणारी अनुष्का आणि तिच्या मैत्रिणी, ज्या पहिलीपासून एकत्र आहेत. मयूरी मधली. एवढंच. अजून पात्रं घालू नका, छोट्या गोष्टीत तीन-चार पोरांच्या पुढे वाचणाऱ्याला नावं लक्षात राहत नाहीत.

आता इथे बरेच जण लगेच स्वभाव लिहायला लागतात की सोनाली लाजाळू होती, अनुष्का गर्विष्ठ होती. थांबा. आधी एसटीचं टाइमटेबल लिहा. खरंच सांगतोय. गाडी शाळा भरायच्या आधी अर्धा तास पोचते आणि सुटल्यावर दहा मिनिटांत निघते, पुढची थेट अंधार पडल्यावर. म्हणजे काय झालं, तर सकाळी रिकाम्या वर्गात या दोघीच, आणि संध्याकाळी गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस सुरू व्हायच्या वेळी या दोघींना पळत सुटायला लागतं. म्हणजे अनुष्काने काहीच वाईट केलेलं नाही तरी या दोघी बाहेरच. खऱ्या शाळेत बाहेर राहण्याची कारणं बहुतेक अशीच असतात, गाडीची वेळ, सहलीचे पैसे, धाकट्या भावाला सांभाळायला घरी जाणं, ट्यूशन दुसऱ्या बाईंकडे असणं. दुष्टपणा त्याच्यानंतर येतो, आणि तोसुद्धा थोडासाच पुरतो. पाचवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो, मुलांना मात्र सवलतीत का होईना पैसे भरून काढावा लागतो, तर मुलाची गोष्ट लिहीत असाल तर पास संपलाय आणि घरी पैसे नाहीत हा एक अख्खा प्रसंग तुम्हाला तयार मिळतो. माहिती म्हणून नका सांगू तो, कंडक्टर पास मागतोय आणि पोरगा दप्तरात उगाच शोधतोय एवढं पुरे.

मग येते ग्रुपमध्ये शिरायची किंमत. हा गोष्टीचा कणा आहे आणि इथे वेळ घालवा. किंमत छोटी ठेवा. चोरी, कॉपी, पळून जाणं असलं काही नको. मुलांच्या जगात काय मोजलं जातं ते बघा जरा. वाढदिवसाला रंगीत कपडे घालून आलेलं पोर चॉकलेटचा डबा घेऊन दुसऱ्या वर्गांत आणि स्टाफरूममध्ये वाटायला जातं आणि सोबत एक किंवा दोघांनाच नेता येतं, त्या एकाची निवड म्हणजे निवडणुकीच्या निकालाइतकी मोठी बातमी असते, आठवडाभर आधीपासून पोरं त्या बर्थडे गर्लशी गोड वागत असतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारनंतरचा सोमवार, हातावर फ्रेंडशिप बँड किती. सहलीच्या गाडीत खिडकीशेजारी कोण आणि त्याच्याशेजारी कोण. मैदानावर दोन कॅप्टन भिडू मागतायत आणि शेवटी दोनच पोरं उरलीयत. कट्टी झाल्यावर बट्टी कोणी आधी घ्यायची. मोठ्यांना हे सगळं पोरकट वाटतं, आणि ज्याला ते पोरकट वाटतं त्याने मुलांसाठी लिहू नये असं माझं सरळ मत आहे.

तर मयूरीचं काय होतं बघा. मराठीच्या तासाला प्रकट वाचन. सोनाली उभी राहून धडा वाचते आणि 'पानी' म्हणते. मागून कोणीतरी हळूच 'पाऽनी' म्हणतं. पुढचे आठ दिवस बाटली कोणीही उघडली की 'पाऽनी'. मयूरीसुद्धा घरी 'पानी'च म्हणते, पण तिने पहिल्या महिन्यातच 'पाणी' घोटून घोटून पाठ केलंय, ते तिचं गुपित. आणि मधल्या सुट्टीत अनुष्का सहज म्हणते, ए मयूरी तू करून दाखव ना, तुला एकदम तिच्यासारखं येत असेल. आणि मयूरी करून दाखवते. भारी करते. सगळ्या पोट धरून हसतात, आणि तिला फार छान वाटतं. हे शेवटचं वाक्य गाळू नका बरं का. लिहिणाऱ्यांना लगेच मयूरीला पस्तावा द्यायची घाई असते, पण त्या मिनिटाला तिला छान वाटलं हेच खरं आहे आणि वाचणाऱ्या पोराला ते ओळखीचं आहे, म्हणूनच तो पान उलटणार आहे. दोन दिवसांनी अनुष्काच्या वाढदिवसाला चॉकलेट वाटायला मयूरीचा नंबर लागतो.

आता त्याला जोडून दुसरी एक युक्ती. दोघींना अशा जागी ठेवा जिथून उठून जाता येत नाही. शाळेत मयूरी सोनालीला टाळू शकते, पण संध्याकाळी गाडी एकच आहे. चाळीस मिनिटं. एसटीत जागा कशी धरतात सगळ्यांना माहीतच आहे, गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल नाहीतर दप्तर आत टाकायचं. सोनाली उंच आहे, रोज तीच रुमाल टाकते, दोघींची जागा होते. त्या दिवशी सोनाली रुमाल टाकते, आत जाते आणि मधोमध बसते. काही बोलत नाही. मयूरी वाडीपर्यंत उभी. बस, भांडण झालं. एकही संवाद न लिहिता झालं. अशी वस्तू शोधा तुमच्या गोष्टीत, रुमाल असेल, डब्याचं झाकण असेल, सायकलचा कॅरिअर असेल, जी आधी दोस्तीत वापरली जाते आणि नंतर तीच भांडणात वापरली जाते. एकच घ्या पण.

संवादांबद्दल. मुलं 'अरे मित्रा, तू माझ्यावर रागावलास का' असं बोलत नाहीत, हे सांगायची खरं तर गरज नसावी पण अजून छापून येतंय. रागावलेलं पोर म्हणतं 'काय नाय' किंवा 'माझी पट्टी दे'. आजच्या पोरांची भाषा म्हणून पाना-पानावर 'भावा' आणि 'ब्रो' पेरायचाही मोह होतो, त्यातले निम्मे शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळे होतात, एखाद दुसरा ठेवा. त्यापेक्षा शाळेत कोणाला काय म्हणतात ते नीट पकडा. जिल्हा परिषदेत बाई आणि गुरुजी, हल्ली सर-मॅडम, इंग्लिश मीडियमला मिस नाहीतर टीचर. वाडीतून आलेली पोर पहिल्याच दिवशी मॅडमना 'बाई' म्हणते आणि वर्ग हसतो, झाला की प्रसंग.

बोलीचा विषय निघालाच आहे तर, नागपूरकडचं 'मले-तुले', कोकणातलं 'खय', सातारकडचं 'न्हाय' हे गोष्टीत आणायचं असेल तर जरूर आणा पण एक पथ्य पाळा. फक्त बाहेरच्या पोराची बोली लिहायची आणि बाकीच्यांची 'शुद्ध', असं केलंत की तुम्हीसुद्धा त्या मागच्या बाकावरच्या 'पाऽनी' म्हणणाऱ्यात जाऊन बसलात. पुण्याच्या पोरालाही बोली असते, तीही ऐकू येईल अशी लिहा. आणि मयूरीच्या घरातलं बोलणं तिच्या आईच्या तोंडी सरळ, मायेने, विनोद न करता येऊ द्या. पोरांना कळतं बरोब्बर की लेखक कोणाला हसतोय.

डबा हा तर सोन्याचा विषय आणि तितकाच निसरडा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारी पोषण आहार मिळतो, म्हणजे खिचडीची रांग आहे, आणि त्याच वर्गात काही पोरं घरचा डबा आणतात, म्हणजे दोन घोळके आपोआप पडले. कोण खिचडी घेतं आणि कोण 'मला आवडत नाही' म्हणतं यात घरची परिस्थिती, ऐट आणि बरंच काही येतं. डब्यात सुकट आली की कोण नाक दाबतं, अंडं आणलं म्हणून कोण बाक सरकवतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते समजलं असेल. मुलांच्या मराठी गोष्टी इथे फार सोवळ्या राहतात असं मला वाटतं. वर्गात 'तुझं आडनाव काय' हा प्रश्न काही नुसतं आडनाव कळावं म्हणून विचारलेला नसतो, आणि दहा वर्षांच्या पोराला तो प्रश्न बरोबर कळतो, का विचारतात ते नीट सांगता आलं नाही तरी. जात हा शब्द न लिहिताही तो प्रसंग लिहिता येतो. दोस्ताच्या घरी हाच प्रश्न आला, उत्तर दिल्यावर त्याच्या आईचा चेहरा कसा झाला आणि त्यानंतर पाण्याचा ग्लास आतून आलाच नाही, एवढं लिहा आणि पुढे जा. भाषण दिलंत तर गेलं.

आणि मोठी माणसं. आई, आजी, बाई, सगळ्यांना गोष्टीत घ्या, पण प्रॉब्लेम सोडवायचा अधिकार त्यांना देऊ नका. बाईंनी दोघींचे हात हातात दिले आणि मैत्री झाली, असं वर्गात कधी झालेलं कोणी बघितलंय? होतं काय, तर बाई रागावतात, मागचे बाक गप्प होतात आणि मधल्या सुट्टीत दुप्पट चिडवतात, वर 'चुगलखोर' हा शिक्का. म्हणजे मोठ्यांची मदत उलटते, हे गोष्टीला चांगलं इंधन आहे. पण एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवा. मारहाण, पैसे मागणं, कोणी अंगाला हात लावणं, फोटो काढून धमकावणं, असलं काही तुमच्या गोष्टीत येत असेल तर तिथे पोराने मोठ्या माणसाला सांगितलंच पाहिजे आणि त्या माणसाने ऐकलंच पाहिजे. तिथे 'मुलांनी आपलं आपण सोडवलं' हा शेवट धोक्याचा आहे, वाचणारं पोर त्याच जागी असू शकतं.

मोबाइल टाळू नका. व्हॉट्सॲपला किमान 13 वर्षं वय लागतं, म्हणजे पाचवी-सहावीच्या पोरांचा ग्रुप असतो तो आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर, आणि त्यातच मजा आहे. मेसेज कधी दिसणार तर आईने फोन दिला तर. आईने आधी वाचला तर? बाबांचा फोन ते कामावरून आल्यावर रात्री हातात येतो आणि तोवर ग्रुपवर सगळं ठरून गेलेलं असतं, उद्या सगळ्यांनी दोन वेण्या घालून यायचं, आणि मयूरी एका वेणीत. घालण्यासारखं आहे, पण आमच्या गोष्टीत रुमाल आहे, तेवढा पुरे, दोन्ही घातलं की गोष्ट फुगते.

शेवट. इथे बहुतेकांचा घसरतो. सोनाली स्पर्धेत पहिली येत नाही. अनुष्का रडून माफी मागत नाही, तिला तर मुळात आपण काही केलं हेच आठवत नाही, आणि तिला वाईट ठरवायचंही काही कारण नाही, वाढदिवसाला तिने मयूरीला मनापासून नेलं होतं. मयूरीने सगळ्या वर्गासमोर उभं राहून कबुली देणं हेही सिनेमातलं. मुलांचं भांडण बोलून मिटत नाही, करून मिटतं, आणि निम्मंच मिटतं. मी असा शेवट करीन: पुढच्या प्रकट वाचनाला मयूरीचा नंबर येतो, धड्यात पाणी आहे, आणि ती 'पानी' वाचते. घरी म्हणते तसं. मुद्दाम की चुकून ते लिहायचं नाही. मागून कोणीतरी ओरडतं. संध्याकाळी गाडीत सोनाली मधोमध बसलेली असते ती जराशी सरकते, पूर्ण नाही, अर्धं ढुंगण टेकेल एवढीच. मयूरी टेकते. पुढच्या वळणाला दोघी घसरतात. बास, इथे पेन ठेवा. त्या रात्री मयूरीला काय वाटलं वगैरे एकही ओळ नको.

लांबीचं म्हणाल तर मासिकाला द्यायची असेल तर हजार ते दीड हजार शब्दांत बसवा. दोन प्रसंग वर्गात, एक मधल्या सुट्टीत, दोन गाडीत, एवढ्यात वरची गोष्ट होते. कादंबरी करायची असेल तर जून ते एप्रिल हे शालेय वर्ष हाच तुमचा सांगाडा, जूनला बाक, ऑगस्टला बँड, डिसेंबर-जानेवारीला सहल आणि गॅदरिंग, मध्ये सहामाही, आणि काही वर्षं पाचवीला स्कॉलरशिप परीक्षाही असायची (आधी चौथी-सातवीला होती, 2017 पासून पाचवी-आठवीला झाली, आणि 2025 मध्ये ती परत चौथी-सातवीला न्यायचं ठरलं, त्यामुळे स्वतःच्या आठवणीवरून लिहिणाऱ्यांनी जरा तपासा). स्कॉलरशिपच्या जादा तासाला कोणाला बसवतात आणि कोणाला नाही यावर एक वेगळी कादंबरी होईल.

लिहून झालं की पोरांना वाचून दाखवा, पण स्वतःच्या नको, ती लाजेने चांगलंच म्हणतात. आणि 'आवडली का' विचारू नका, सगळी हो म्हणतात. वाचताना कुठे चुळबुळ सुरू झाली ते बघा, तिथे पेन्सिलने खूण करा, ती जागा कापायची. मग विचारा, 'सोनालीच्या जागी तू असतीस तर सरकली असतीस का?' यावर त्यांच्यात वाद झाला तर गोष्ट जमली. सगळ्यांनी एका सुरात 'हो, माफ करायला पाहिजे' म्हटलं तर त्यांना तुमच्या गोष्टीत पाठ्यपुस्तकाचा वास आलाय, परत लिहा.

पाठवायला जागा आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, पाठवायच्या आधी दहा-बारा तरी चाळा म्हणजे कळेल काय येऊन गेलंय. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत गोष्ट थेट टाकता येते, पण तिथे चित्रांच्या छोट्या पुस्तकांचा जोर जास्त, त्यामुळे लांब गोष्टीला मासिकच बरं. दिवाळीसाठी पाठवायची असेल तर ऑक्टोबरची वाट बघू नका, अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत दोन ओळींत कितवीच्या मुलांसाठी आहे ते लिहा, आणि गोष्टीचं 'तात्पर्य' पत्रात समजावून सांगत बसू नका.